पाकोळीच्या वाट्याचं ऊन

इस्पितळाच्या तळघरात, जिन्याखालून वाकून जावं लागे अशा जागी, एक्स-रेच्या फिल्मा धुण्याची अंधारी खोली होती. आता त्या खोल्या गेल्या, फिल्माही गेल्या. पण त्या काळी कोणाचं हाड मोडलं की आधी तळघरातल्या टाकीत त्याचं चित्र उमटायचं आणि मग डॉक्टरांच्या हाती पडायचं. खोलीत एकच लाल दिवा. एकापाठोपाठ एक दोन दारं, आणि एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही असा दंडक. औषधांचा आंबूस वास कपड्यांत इतका मुरायचा की घरी गेल्यावर मांजरसुद्धा लांब बसे. त्या खोलीत कामाला कोणी टिकत नसे. कोणाचा जीव घाबरा होई, कोणाला मळमळे. पाकोळी आली आणि टिकली. टिकली कसली, चांगली रमली.

कारण साऱ्या इस्पितळात ती एकच जागा अशी होती, जिथे तिला टोपी, काळा चष्मा, हातमोजे आणि हनुवटीपर्यंतचा रुमाल काढून ठेवता येई आणि चार माणसांसारखं उघड्या हातांनी काम करता येई.

पाकोळीचं उन्हाशी जन्मापासूनच वाकडं होतं. पाळण्यात असताना एकदा आईनं तिला जरा कोवळ्या उन्हात ठेवली, तर संध्याकाळपर्यंत गालांवर फोड आले आणि ते दिवसच्या दिवस बरे होईनात. चालायला लागली तोवर तोंडभर काळे ठिपके. पुढे त्यांतले काही ठिपके वाढू लागले, खरबरीत होऊ लागले, आणि कातडीचे डॉक्टर ते एकेक कापून काढू लागले. वेळच्या वेळी कापला तर ठिपका, राहून गेला तर कॅन्सर, असं त्यांनी आईला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं होतं. त्या दिवसापासून आईनं डोळ्यांत तेल घालून पोरीची राखण केली. घरात दुहेरी पडदे. कपडे सगळे आईच्या हातचे, दुहेरी कापडाचे, गळा बंद, बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत. आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी भिंग घेऊन अंगावरचा ठिपका न् ठिपका मोजायचा. नवा सापडला की आई फक्त भिंग जरा जोरात खाली ठेवत असे.

पाकोळी हे नाव गल्लीतल्या पोरांनी दिलेलं. वटवाघळाची धाकटी बहीण म्हणून. ते तिला लागावं असाच त्यांचा हेतू होता, पण ही वस्ताद. तिनं ते नाव उचललं आणि मिरवलं. "मी उलटी लटकते, कबूल," ती म्हणायची, "तुम्ही सरळ उभे राहून काय दिवे लावलेत ते तरी सांगा!"

राखणीत वाढलेल्या माणसाच्या हातांना मात्र एक खोड लागते. पाकोळीचे हात सारखे काहीतरी झाकत असत. पाण्याचा पेला दिसला की त्यावर झाकण, पुस्तक उघडं दिसलं की मिटलं, कोणी टोपलीत फळं ठेवली की त्यावर फडकं. एकदा तिनं व्हरांड्यातल्या कुंडीवरही कापड टाकलं आणि बिचारं रोप पिवळं पडून मेलं. "अगं, सगळ्यांनाच ऊन बाधत नाही," आई म्हणाली. "माहीत आहे गं," पाकोळी म्हणाली, "हात जातो."

गारठा तिला भेटला तो कातडीच्या डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकावर, खिडकीपासून सगळ्यांत लांबच्या कोपऱ्यात. तिथे आधीच एक टोपी, एक चष्मा आणि एक रुमाल बसलेला पाहून ती थबकली.

"ही माझी जागा आहे," ती म्हणाली.

"तुझं नाव लिहिलंय का?" रुमालाच्या आतून आवाज आला.

"माझ्यासारखं ध्यान दुसरं कोणी असेल असं वाटलं नव्हतं, म्हणून लिहिलं नाही."

तो सरकला. त्यालाही तेच दुखणं होतं. फळांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये तो नोकरीला होता; जाड भिंती, एकही खिडकी नाही, ऐन उन्हाळ्यात अंगात दोन स्वेटर. बरोबरचे लोक त्याला गारठा म्हणत. बोलायचा कमी, पण बोलला की समोरच्याला हसू आवरायचं नाही. आईवडील लवकर गेलेले. मोठ्या भावानं, दादानं, त्याला वाढवला होता.

पुढे काय झालं ते सांगायला नको. बाकावरची जागा दोघांना पुरू लागली.

लग्नाचं कानावर पडताच आईच्या पायाखालची जमीन सरकली. दादाही काळजीत पडले. माणूस भला, भावासाठी स्वतःच्या संसाराला उशीर केलेला. पाकोळीच्या घरी येऊन ते पडद्यांच्या अंधारात अवघडून बसले.

"काकू, मी सरळच बोलतो. पोरगी गुणाची आहे, माझ्या मनात किंतु नाही. पण उद्या मूल झालं तर?"

"तेच तर," आई म्हणाली. "एका घरात एक असं लेकरू असलं की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. इथे तर आईही तशी आणि बापही तसा. होणारं मूल वेगळं कुठून निघणार? मला पुन्हा भिंग हातात घ्यायचं नाही. माझ्यात तेवढा जीव उरलेला नाही."

"आमच्यासमोर बोला ना," पाकोळी आतून बाहेर आली, "की आम्ही अजून पाळण्यातच आहोत?"

"तू गप्प बस."

"गप्प बसून पंचवीस वर्षं पडद्याआड काढली, आई. आता नाही. मला हा हवाय. आणि मूलही हवंय. पण उन्हात धावणारं हवंय. माझ्यासारखं होणार असेल तर नको, हे मलाही कळतं. फक्त ते होणारच असं कोणी ठरवलं? तू? दादांनी?"

"कळायचं तरी कसं?" गारठ्यानं विचारलं. तो दाराशी उभा होता, स्वेटर घातलेला, घामानं निथळत.

पाकोळीकडे याचं उत्तर होतं. निदान एक बाई होती.

इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या प्रयोगशाळेत, पेशींच्या मॅडम बसत. कापलेल्या ठिपक्यांतला एखादा तुकडा त्या मागून नेत आणि काचेच्या बश्यांमध्ये त्या पेशी जिवंत ठेवत. बाई बुटक्या, आवाज मोठा, आणि शिपायापासून थोरल्या डॉक्टरांपर्यंत कोणाचीही भीडभाड नाही. त्यांच्या काचपट्ट्या धुवायला त्या पाकोळीच्या अंधाऱ्या खोलीत येत, आणि दोघींचं चांगलं जमे.

मॅडमनी पाकोळी आणि गारठ्याला समोर बसवलं.

"नीट ऐका. प्रत्येक पेशीत एक लांबच लांब धागा असतो. तुम्ही कसं घडायचं हे सगळं त्यात. ऊन पडलं की त्या धाग्यात जागोजागी गाठ बसते. माझ्याही, या शिपायाच्याही. पण आमच्या अंगात दुरुस्तीची एक टोळी असते. एक गडी गाठ हुडकतो, दुसरा धागा मोकळा करतो, तिसरा बिघडलेला तुकडा कापतो, मग तिथे नवा भरला जातो. रस्ता दुरुस्त करतात ना, तसं. टोळीतला एक गडी जरी नसला तरी काम ठप्प. तुमच्या दोघांच्याही अंगात काम ठप्प आहे. पण न आलेला गडी एकच आहे की वेगवेगळे, ते कोणी पाहिलंय?"

"म्हणजे?"

"तुझा हुडकणारा नसेल आणि याचा कापणारा नसेल, तर तुमच्या मुलाला हुडकणारा याच्याकडून मिळेल, कापणारा तुझ्याकडून. टोळी पुरी. मूल खुशाल उन्हात लोळेल. पण दोघांचाही तोच गडी नसेल, तर मात्र प्रत्येक मूल तुमच्यासारखं. त्यात सूट नाही."

गारठा म्हणाला, "आणि हे बघायला आधी मूल व्हायला पाहिजे?"

"त्याआधी बघायची सोय आहे म्हणून तर बसवलंय! तुझ्या पेशी आणि हिच्या पेशी एका बशीत ठेवायच्या आणि एकमेकींत मिसळवायच्या. एका पेशीत दोघांचा ऐवज. मग त्यांना दिव्याचं कडक ऊन द्यायचं आणि बघायचं, दुरुस्ती होते की नाही."

"त्या मिसळल्या हे कळणार कसं?" पाकोळीनं विचारलं.

"हिच्या पेशींना बारीक मणी खाऊ घालायचे, याच्या पेशींना मोठे. दिसायला धुळीएवढे. एकाच पेशीत दोन्ही मणी दिसले की समजायचं, संसार सुरू झाला."

गारठा गंभीरपणे म्हणाला, "आमच्या आधी त्यांचं लागलं म्हणायचं."

"कॅन्सरवरची निम्मी औषधं हाच धागा तोडून काम करतात," मॅडम उठता उठता म्हणाल्या. "कोणाच्या अंगात कोणता गडी नाही हे कळलं, तर कोणाला औषध किती सोसेल तेही उद्या कळेल. तेव्हा तुमच्यावर उपकार करतेय असं समजू नका. माझाही मतलब आहे."

दिव्याचं ऊन द्यायच्या दिवशी पाकोळीनं हट्ट धरला की मी तिथे असणार. दिवा एका बंद लाकडी पेटीत होता; बश्यांचा ट्रे खालच्या खणात ठेवून खण आत सरकवायचा, म्हणजे बाहेर किरण येत नसे. म्हणून मॅडमनी तिला येऊ दिलं, वरून टोपी-चष्म्यासकट. पिवळट दिव्याखाली त्यांनी बश्या मांडल्या. एक मॅडमच्या स्वतःच्या पेशींची, ताडून पाहण्यासाठी. एक पाकोळीची, एक गारठ्याची. आणि एक दोघांची मिसळलेली. सगळ्यांची काचेची झाकणं काढून बाजूला ठेवली. एवढ्यात कोणी तरी दाराशी येऊन थोरल्या डॉक्टरांचा फोन आहे म्हणालं. मॅडम कुरकुरत गेल्या, फोनवर दोन खडे बोल सुनावून परत आल्या, ट्रे खणात ठेवला आणि खण आत ढकलला.

मग पेशींना खुणेचं अन्न दिलं गेलं. धाग्यात नवा तुकडा भरला गेला की ते अन्न त्यात जाऊन बसे, आणि काचपट्टीवर फिल्मेसारखा लेप देऊन ती अंधारात ठेवली की जिथे दुरुस्ती झाली तिथे काळे ठिपके उमटत. लेप पाकोळीच्याच खोलीत, तिच्याच लाल दिव्याखाली दिला गेला. मग पट्ट्या काळ्या डबीत, आणि डबी फ्रिजमध्ये. "माझ्याकडे ठेवा," गारठा म्हणाला, "आमच्याकडे सफरचंदं वर्ष वर्ष टिकतात, हे तर काय."

दिवस भरले. पट्ट्या धुतल्या. मॅडम बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या.

मॅडमच्या पेशी काळ्या ठिपक्यांनी गच्च भरल्या होत्या. पाकोळीच्या कोऱ्या, गारठ्याच्या कोऱ्या; ते ठरलेलंच होतं. मिसळलेल्या पेशींत दोन्ही मणी स्पष्ट दिसत होते, बारीक आणि मोठे, एकाच पेशीत. आणि त्याही कोऱ्या.

"खोटं बोलता येत नाही मला," मॅडम म्हणाल्या. "गडी एकच दिसतो."

ही बातमी घरी पोचली तेव्हा आई रडली नाही. शिलाई मशीनवरचं कापड तिनं नुसतं घडी करून ठेवलं. "झालं समाधान? आता तरी विषय संपला ना?"

"नाही," पाकोळी म्हणाली.

"अजून काय राहिलंय?"

"लग्न राहिलंय."

"अगं, पण मूल..."

"मूल आमच्यासारखंच होणार असेल तर होऊ देणार नाही. ते माझं मी गिळीन. पण याच्याशी लग्न करायला मला कोणत्या काचपट्टीची परवानगी नको. बाकी सगळ्यांनी उन्हात बसून लग्नं केली, त्यांना कोणी विचारलं होतं का तुमचा धागा कसा आहे म्हणून?"

दादांनी गारठ्याला समजावून पाहिलं. गारठ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दादा, मला दिवसभरात एकच माणूस तोंड बघून ओळखतं. बाकीचे स्वेटरवरून ओळखतात."  त्यावर दादा नोंदणीच्या अर्जावर साक्षीदार म्हणून सही करायला तयार झाले.

तारीख मिळाली. दोघं मॅडमना सांगायला दुसऱ्या मजल्यावर गेली. मॅडमना वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की त्या जास्तच मोठ्यानं बोलत. त्यांनी खिडकीचा पडदा ओढला, शिपायावर ओरडून चहा मागवला, टेबलावर जागा केली, आणि कपाटातून बिस्किटं काढायला वळल्या. परत वळल्या तेव्हा चहाच्या तिन्ही कपांवर बशा होत्या. उपड्या, नीट बसवलेल्या.

मॅडम बिस्किटांचा डबा हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

"हे कोणी केलं?"

"काय?" पाकोळीनं विचारलं.

"या बशा."

पाकोळीनं कपांकडे पाहिलं, मग आपल्या हातमोज्यांकडे. "अय्या. मीच असणार. हात जातो माझा, मॅडम. काही उघडं राहिलेलं बघवतच नाही."

"ही तर माझंही तोंड झाकते," गारठा म्हणाला. "जांभई देतानासुद्धा."

मॅडम हसल्या नाहीत. त्या हळूच खुर्चीत बसल्या. "मी फोनवर गेले होते त्या दिवशी, तेव्हा तू कुठे उभी होतीस?"

"तिथेच. टेबलापाशी."

"आणि समोर बश्या उघड्या."

चहा निवत होता.

"खण बाहेर ओढून बश्या आवरल्या तेव्हा एका बशीवर झाकण होतं," मॅडम म्हणाल्या. आता त्यांचा आवाज बारीक झाला होता. "तुमच्या दोघांच्या. मला वाटलं, दिवा बंद झाल्यावर मीच घाईत ठेवलं असेल. काच आहे, दिसते आरपार. पण ते किरण काचेतून जात नाहीत गं! तुमच्या पेशींना ऊन लागलंच नाही. जखमच झाली नाही, तर दुरुस्ती कशाची होणार? कोऱ्याच राहणार!"

"सगळ्या बश्या सोडून तीच झाकली मी?"

"दुसरी कुठली झाकशील तू? मूर्ख तर मी. खणात काय घातलं ते बघायचं काम माझं होतं, तुझं नव्हे." त्यांनी डब्यावर मूठ आपटली. "पुन्हा करायचं. पहिल्यापासून."

ही बातमी घेऊन पाकोळी घरी गेली, आणि दुसऱ्या दिवशी आई स्वतः इस्पितळाचे जिने चढून मॅडमसमोर उभी राहिली.

"का छळता आमच्या पोरीला? एकदा निकाल दिलात ना? तिनं कसंबसं मन घट्ट केलंय, आता पुन्हा आशा लावता. आणि पुन्हा तेच निघालं म्हणजे?"

"निघालं तर निघालं," मॅडम म्हणाल्या. "पण माझी चूक मी तुमच्या पोरीच्या नशिबात जमा करणार नाही. बसा."

"मला बसायचं नाही."

"मग उभ्या राहा. पण बघा तरी."

दिव्याची पेटी पुन्हा मांडली गेली. बश्या पुन्हा भरल्या. या खेपेला मॅडमनी फोन उचलून बाजूला ठेवला आणि दाराला आतून कडी घातली. आई कोपऱ्यात, पर्स पोटाशी धरून. पाकोळी टेबलापाशी. गारठा कामावर होता, त्याला रजा मिळाली नव्हती, आणि मिळाली असती तरी तो म्हणाला होता, "मी आलो तर भीतीनं मीही झाकण ठेवीन."

"तू मागे हो," मॅडम पाकोळीला म्हणाल्या. "हात बांधून उभी राहा."

"नाही. झाकण मी काढणार."

"काय?"

"मी ठेवलं होतं, मीच काढणार. बश्या माझ्या आहेत, पेशी माझ्या आहेत, घाबरलेले हातही माझेच आहेत."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं आणि बाजूला सरकल्या. पाकोळीनं एकेक झाकण उचललं. मॅडमची बशी. स्वतःची. गारठ्याची. शेवटच्या बशीपाशी तिचा हात अडला. आत काही दिसत नव्हतं, नुसता ओलसर काचेचा तळ. पण लहानपणापासून या हातांना एकच शिकवण होती.

आई कोपऱ्यातून कळवळून म्हणाली, "नको गं. पोळतील."

"पोळू देत." पाकोळीचा हात हलला. झाकण टेबलावर ठेवलं गेलं, टक् असा आवाज करून. "पोळल्याशिवाय कळणार कसं, उठतात की नाही ते? मला तरी कोणी विचारलं होतं का? मी पोळले, आणि उठले. प्रत्येक वेळी उठले, आई. डॉक्टरांनी कापलं, तू टाके जपलेस, पण उठले मीच. यांनाही उठू दे. नाही उठल्या तर तसं कळू दे. पण अंधारात ठेवून राखलेलं उत्तर मला नकोय."

तिनं ट्रे खणात ठेवला, आणि खण स्वतःच्या हातानं आत ढकलला. मग दोन्ही हात पाठीमागे घेऊन एकात एक घट्ट अडकवले, आणि दिवा बंद झाल्याची कळ वाजेपर्यंत ते तसेच ठेवले. आईनं तोंड भिंतीकडे केलं होतं.

पट्ट्या पुन्हा काळ्या डबीत गेल्या. डबी फ्रिजमध्ये. आणि त्या अंधारात जे काही उमटायचं ते उमटत असताना, पाकोळीनं लग्न लावून घेतलं.

"निकाल लागेपर्यंत तरी थांबा," दादांचं म्हणणं पडलं.

"थांबणार नाही," ती म्हणाली. "उद्या निकाल चांगला लागला, तर लोक म्हणतील निकाल चांगला लागला म्हणून लग्न झालं. मला ते ऐकायचं नाही. निकालावर फक्त पाळणा ठरेल. नवरा मी ठरवलाय."

नोंदणी कचेरीच्या खिडक्यांना गारठ्याच्या कोल्ड स्टोरेजमधल्या मंडळींनी आदल्या दिवशीच पोती ठोकली. नोंदणीचे साहेब वैतागले. आपल्याला सही कुठे करायची तेच दिसत नाही म्हणाले. तेव्हा एकानं टेबलावरचा दिवा पुढे सरकवला आणि म्हणाला, "साहेब, यांनी सगळा जन्म असा काढलाय, तुम्ही अर्धा तास काढा." खोलीत सफरचंदांचा वास भरून राहिला होता. पाकोळीनं टोपी काढली, चष्मा काढला, रुमाल काढला, हातमोजे काढले. नाकाच्या शेंड्याजवळची खाच, गालावरचे टाक्यांचे वण, सगळं दिव्याखाली उघडं. गारठ्यानंही काढलं. कोणी तरी टाळी वाजवली. आई उशिरा आली आणि दारात उभी राहिली. आत ये म्हणून कोणी सांगितलं नाही, की जा म्हणून नाही. शेवटी दादांनी उठून आपली खुर्ची दिली, आणि ती बसली.

पट्ट्या धुवायच्या दिवशी सगळीच तळघरात यायला निघाली होती. पाकोळीनं कोणाला आत घेतलं नाही. तिचं ते राज्य होतं. लाल दिव्याखाली तिनं उघड्या हातांनी काचपट्ट्या औषधात बुडवल्या, जशा हजारो फिल्मा बुडवल्या होत्या. मग पाण्यात, मग दुसऱ्या औषधात. लोकांची मोडलेली हाडं तिनं इथेच आधी पाहिली होती, त्यांच्या डॉक्टरांच्याही आधी. पण या पट्ट्यांवर नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. त्या घेऊन ती दुसऱ्या मजल्यावर गेली; गारठा आणि आई मागोमाग.

मॅडम सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या. चाक इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. पट्टी थोडी सरकवली. पुन्हा सरकवली. मग उठल्या आणि स्टूल पाकोळीकडे ढकललं.

"बस."

पाकोळीनं काळा चष्मा कपाळावर सरकवला. आधी सगळं धूसर. मग एक पेशी, पसरलेली, फिकट. तिच्यात बारीक मणी. त्यांच्या शेजारी मोठे मणी. आणि मधोमध दोन गोल केंद्रं, एकमेकांना खेटून. दोन्हींवर काळे ठिपके. एखाददुसरा नव्हे. गच्च. मॅडमच्या पेशींसारखेच.

"उठल्या," ती म्हणाली. एवढंच.

गारठा तिच्या खांद्यावरून वाकला, त्यानं पाहिलं, आणि स्वेटरच्या बाहीनं नाक पुसलं. "चांगला संसार करतायत की," तो म्हणाला. 

"टोळी पुरी आहे," मॅडम नेहमीच्या मोठ्या आवाजात ओरडल्या, जणू सगळा मजला बहिरा होता. "दोघांचे गडी वेगळे! तुमचं मूल उन्हात लोळेल, काळं ठिक्कर पडेल, आणि तुम्ही पडद्याआडून त्याला हाका माराल!"

आई अजून दाराजवळच होती. सगळ्यांनी वळून पाहिलं तेव्हा ती पुढे आली, स्टुलावर बसली, आणि भिंगाला डोळा लावायची सवय असल्यासारखा एका झटक्यात डोळा लावला.

 तिचे ओठ हलत होते.

"आई, काय करतेस?"

"थांब, मोजतेय."

"अगं, मोजायचे नसतात ते. हे ठिपके चांगले असतात. जितके जास्त तितकं बरं."

"कळलं मला. मॅडमनी सांगितलं ते मीही ऐकलंय." आईनं डोळा काढला नाही. "आजवर ठिपके मोजले ते पोटात गोळा घेऊन मोजले. एकदा तरी हौसेनं मोजू दे."

कोणी तिला पुन्हा अडवलं नाही. शिपाई चहा घेऊन आला, टेबलावर ठेवून गेला. कप उघडेच होते. पाकोळीचा हात बशीकडे गेला, आणि मग तिनं तो गारठ्याच्या हातात देऊन टाकला.

शेवटी आई मोजता मोजता चुकली. तिनं डोळे पुसले, पर्स उघडली, आत काहीतरी चाचपलं, आणि टेप काढली, शिवणकामाची.

"एक विचारते," ती मॅडमना म्हणाली, आवाज अगदी साधा करून. "मूल झालं की त्याची अंगडी मीच शिवणार, दुसऱ्या कोणाच्या हातची चालायची नाहीत. तर ती एकेरी कापडाची शिवली तर चालतील ना?"

"चालतील."

"आणि बिनबाह्यांची?"